उत्तर ध्रुववृत्तातील दीर्घ पदयात्रा : पूर्वतयारीचा विचार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्त्या, उद्योगधंदे, विवाहविषयक सुधारणा अशा विषयांवर व्याख्याने होत असतात. त्या मालिकेत उत्तर ध्रुवप्रदेशातील पायी प्रवास हा विषय पाहून पुष्कळांस नवल वाटले असेल. तथापि त्यास निमित्त आहे. आपल्या ज्ञातीतील काही तरुण मंडळी, आणि त्यांत दोन मुलीही आहेत, स्वीडन देशाच्या उत्तर भागातील 'कुंग्सलेडन' नावाच्या वाटेने आबिस्कोपासून हेमावानपर्यंत सुमारे ४४० किलोमीटर चालत जाण्याचा बेत करीत आहेत. ही वार्ता कळल्यापासून त्या घरांत दोन पक्ष पडले आहेत. वडीलधाऱ्यांच्या मते हा शुद्ध अविचार आहे, तर मुलांच्या मते वडिलांची भीती अज्ञानमूलक आहे. मंडळाने मला दोन्ही पक्षांना ऐकू जाईल असे काही बोलण्याची आज्ञा केली व ती मी शिरोधार्य मानली.

प्रारंभीच एक गोष्ट सांगतो. उत्तर ध्रुवप्रदेश हा आपणांस सर्वस्वी परका विषय नव्हे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'आर्क्टिक होम इन द वेदाज्' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ध्रुवावरील दीर्घ रात्र व दीर्घ उषा यांची चर्चा मराठी घरांतून होऊ लागली. त्यांचा सिद्धान्त आज विद्वान मान्य करीत नाहीत, हे खरे, परंतु त्या प्रदेशाविषयीचे कुतूहल त्यांनी आपल्या पदरात टाकले. पुढे २००८ साली भारत सरकारने स्पिट्सबर्गेन बेटावर न्यू-ऑलेसुंड येथे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र उघडले. तेव्हा आपल्या मुलांच्या मनात तिकडे जाण्याची इच्छा उद्भवली, यात आश्चर्य नाही. प्रश्न इच्छेचा नसून तयारीचा आहे. आणि तयारी कशास म्हणावी हे इतिहासाकडून शिकण्यासारखे आहे.

दोन उदाहरणे घेऊ. पहिले अपयशाचे. १८४५ साली ब्रिटिश नौदलाने सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली 'एरेबस' व 'टेरर' ही दोन जहाजे वायव्य सागरमार्गाच्या शोधार्थ पाठविली. साधनसामग्रीत काही म्हणता काही उणे नव्हते. सुमारे तीन वर्षांचे अन्न, वाफेची यंत्रे, ग्रंथालय, चांदीचे काटेचमचे, सर्व काही होते. बर्फात शिरलेल्या १२९ जणांपैकी एकही परत आला नाही. १८५९ साली मॅक्लिन्टॉक यांच्या शोधपथकास किंग विल्यम बेटावर एक होडी सापडली. ती एका अवजड घसरगाडीवर चढविलेली होती, आत दोन मानवी सांगाडे होते, आणि होडी व गाडी मिळून वजन सुमारे ६३५ किलोग्रॅम भरले. आत काय होते? रेशमी रुमाल, पुस्तके, साबण, सपाता, दात घासण्याचे ब्रश. खाण्यासाठी मात्र थोडासा चहा आणि सुमारे १८ किलोग्रॅम चॉकलेट एवढेच उरले होते. उपासमारीने खंगलेली माणसे हे ओझे बर्फावरून ओढीत होती. त्याच काळात जॉन रे नावाचा स्कॉटिश डॉक्टर मोजक्या माणसांनिशी, अल्प सामान घेऊन, तद्देशीय इनुइट लोकांकडून बर्फाची घरे बांधण्यास व शिकार करण्यास शिकून, त्याच उत्तर प्रदेशात हजारो किलोमीटर हिंडत होता. फ्रँकलिनच्या मंडळींचे काय झाले याची पहिली विश्वसनीय वार्ता १८५४ साली त्यानेच इनुइटांच्या तोंडून ऐकून इंग्लंडला कळविली. सामग्री पुष्कळ असणे आणि तयारी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

दुसरे उदाहरण यशाचे आहे, आणि त्यावर मी अधिक वेळ घेणार आहे. फ्रित्योफ नान्सेन हा नॉर्वेचा प्राणिशास्त्रज्ञ. जन्म १८६१ चा. बर्गेन येथील संग्रहालयात तो काम करीत असे. १८८८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ग्रीनलंडचा हिमाच्छादित अंतर्भाग पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडण्याचा संकल्प त्याने जाहीर केला. तोवर कोणीही ग्रीनलंड ओलांडले नव्हते. नॉर्वे सरकारने द्रव्यसाहाय्य नाकारले. अखेर कोपनहेगनच्या ऑगस्टिन गामेल नावाच्या व्यापाऱ्याने ५,००० क्रोनर दिले. हे काम म्हणजे तरुणपणाची झिंग आहे असे त्या वेळी अनेकांचे मत होते. म्हणजे आपल्या घरांतून आज जो वाद चालला आहे, तोच तेथेही चालला होता.

परंतु त्या 'झिंगे'च्या पोटात केवढा हिशेब होता पहा. नान्सेनपूर्वीचे प्रवासी पश्चिमेकडून आत शिरत, कारण वस्ती पश्चिम किनाऱ्यावर होती. नान्सेनने विचार उलटा केला. पश्चिमेकडून निघालेल्यास पूर्वेच्या ओसाड किनाऱ्यावर पोहोचून पुन्हा तेवढेच अंतर मागे यावे लागते, म्हणजे अन्न दुप्पट, वजन दुप्पट, श्रम दुप्पट. पूर्वेकडून निघाल्यास प्रत्येक पाऊल माणसांच्या वस्तीकडे पडते व अन्न एकाच फेरीचे लागते. मागे फिरण्याची वाट त्याने ठेवली नाही, म्हणून लोक त्यास वेडा म्हणाले. पण त्याच्या योजनेत आश्रयाचे ठिकाण पुढे होते, आणि प्रवाशाचे तोंड नेहमी आश्रयाकडे असावे ही खरी सावधगिरी होय.

दुसरा हिशेब साधनांचा. १८८३ साली नॉर्डेनशेल्डच्या ग्रीनलंड मोहिमेतील दोन सामी माणसे स्कीवरून बर्फावर फार दूरवर जाऊन आली होती. ती बातमी ऐकूनच नान्सेनच्या मनात हा बेत रुजला. त्याने सामान्य घसरगाडी न घेता रुंद, स्कीसारख्या धावपट्ट्यांची हलकी गाडी स्वतः आखून घेतली व डोंगरात नेऊन तिची परीक्षा केली. निजण्यासाठी रेनडिअरच्या कातड्याच्या दोनच पिशव्या घेतल्या. प्रत्येकीत तिघे निजत, म्हणजे वजनही कमी व ऊबही अधिक. सोबती पाच निवडले : ओट्टो स्वेर्ड्रुप, डीट्रिकसन, क्रिस्टियान क्रिस्टियानसेन आणि बाल्टो व राव्ना हे दोन सामी. बहुतेकांना हिमावर चालण्याची लहानपणापासूनची सवय होती. नान्सेनने स्वतः १८८४ च्या हिवाळ्यात बर्गेनहून क्रिस्टियानिया येथपर्यंतचा डोंगर स्कीवरून ओलांडला होता. मोठ्या प्रवासाआधी लहान प्रवास, हा नियम येथे लक्षात ठेवावा.

आता योजना आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर पडते तेही पहा. १७ जुलै १८८८ रोजी या सहा जणांनी पूर्व किनाऱ्याजवळ जहाज सोडले. किनारा सुमारे २० किलोमीटरवर दिसत होता. पण तरत्या बर्फाने त्यांना धरले आणि दक्षिणेकडे शेकडो किलोमीटर वाहून नेले. जमिनीस पाय लागला तो २९ जुलैस. मग होड्या वल्हवीत पुन्हा उत्तरेकडे यावे लागले, आणि हिमपठारावरील चाल सुरू झाली ती १५ ऑगस्टला. जवळजवळ महिना वाया गेला होता. मूळ संकल्प ख्रिश्चनशाब या वायव्येकडील गावी जाण्याचा, म्हणजे सुमारे ६०० किलोमीटरचा होता. वादळे व मऊ बर्फ यांमुळे चाल मंदावली, ऋतू उतरू लागला, तेव्हा ऑगस्ट संपण्यापूर्वीच नान्सेनने दिशा बदलून गोदथाब, म्हणजे आजचे नूक, हे ध्येय ठरविले. त्यामुळे वाट सुमारे १५० किलोमीटरने कमी झाली. ज्या गावाचे नाव जगाला सांगून निघालो ते सोडून दुसऱ्या गावाकडे वळण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. माझ्या मते त्या सबंध प्रवासातील सर्वांत मोठा पराक्रम हाच होय.

पुढे ते २,७०० मीटरहून अधिक उंचीवर चढले, रात्री उष्णमान शून्याखाली ४५ अंशांपर्यंत उतरले, सप्टेंबरअखेर पश्चिमेच्या खाडीशी आले. तेथे विलो झुडपांच्या फांद्या व तंबूचे जाड कापड यांची लहानशी होडी बनवून नान्सेन व स्वेर्ड्रुप ३ ऑक्टोबरला गोदथाब येथे पोहोचले. चाल सुरू झाल्यापासून ४९ दिवस लागले. त्या वर्षीचे शेवटचे जहाज त्यांना मिळाले नाही. मग सारा हिवाळा त्यांनी तेथेच काढला, आणि तो नान्सेनने इनुइटांची भाषा, कायाक होडी व राहणी शिकण्यात घालविला.

एक उणीव मात्र राहून गेली होती, आणि ती आपल्या गृहिणींनी अवश्य ऐकावी अशी आहे. प्रवासाचे मुख्य अन्न पेमिकन, म्हणजे वाळविलेले मांस व चरबी यांचे मिश्रण. परंतु तयार होऊन आलेल्या त्या मालातून चरबी काढून टाकलेली होती व ही गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. पोट भरत असे, पण भूक भागत नसे. सारे जण स्निग्ध पदार्थाच्या वासनेने अक्षरशः व्याकूळ झाले. अन्नाचे वजन मोजले होते, त्याचे सत्त्व तपासावयाचे राहिले होते.

आता आपल्या तरुणांच्या बेताकडे वळू. कुंग्सलेडन ही काही ग्रीनलंडची हिमभूमी नव्हे. ती खुणा केलेली वाट आहे, उत्तरेकडील भागात बहुतेक एकेका दिवसाच्या अंतरावर स्वीडिश पर्यटक संस्थेच्या झोपड्या आहेत. ही संस्था १८८५ साली स्थापन झालेली आहे. वाटेवरील सर्वोच्च स्थान च्याक्त्या ही खिंड असून तिची उंची सुमारे १,१५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही कमी आहे. हे ऐकून तरुण मंडळी हसतील व वडीलधारे निश्चिंत होतील. दोघांनीही थांबावे. आबिस्को ६८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे ऑगस्टातही पाच-सहा अंश उष्णमान, वारा व पाऊस हे तिन्ही एकाच दिवशी येऊ शकतात. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्यांना भिजण्याची सवय असते, पण आपल्याकडे भिजलेला मनुष्य शिंकतो, तिकडे भिजलेल्या मनुष्याच्या देहातील ऊब ओसरते, बोलणे अडखळते, बुद्धी मंदावते व तो कोठेतरी बसून राहतो. कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी अधिक घातक आहे. म्हणून अंगाशी सुती कपडा असू नये, लोकर असावी, आणि निजावयाच्या कपड्यांचा एक जोड काही झाले तरी कोरडा राखावा.

काळाची निवड ही पहिली गोष्ट. जूनअखेरपर्यंत उंच भागात बर्फ असते व वितळत्या बर्फाने ओढे भरलेले असतात. जुलैत डासांचे थवे इतके असतात की मनुष्याचा धीर सुटतो. ऑगस्टच्या मध्यापासून डास ओसरतात, पण सप्टेंबरात झोपड्या बंद होऊ लागतात व हिवाळा उत्तरेकडून खाली सरकतो. यासाठी १० ऑगस्टच्या सुमारास उत्तरेस आबिस्को येथून निघून दक्षिणेकडे चालावे, म्हणजे हिवाळा पाठीशी राहतो. नान्सेनचा नियम येथेही लागू पडतो.

दुसरी गोष्ट दिवसांचा हिशेब. रोज १८ किलोमीटर धरल्यास ४४० किलोमीटरला २५ दिवस लागतात. त्यांत विश्रांतीचे ३ व वादळात अडकण्याचे ३ दिवस मिळवावे. एकूण ३१. म्हणजे १० ऑगस्टला निघालेला ९ सप्टेंबरला पोहोचेल. परतीचे विमान याच्याही पुढे चार दिवस ठेवावे. ज्याचे तिकीट उद्याचे आहे तो आज वादळातही चालतो, आणि अपघात तेव्हाच होतात.

तिसरी गोष्ट अन्न. वाटेवरील काही ठिकाणी शिधा विकत मिळतो, पण क्विकयोक ते अमार्नेस या सुमारे १७० किलोमीटरच्या टप्प्यात संस्थेच्या झोपड्यांची साखळी नाही. तेथे आपला तंबू व आपले अन्न पाठीवर हवे. दहा दिवस चालण्याचे व दोन अडकण्याचे, असे बारा दिवस. चालणाऱ्यास रोज सुमारे ४,००० कॅलरी लागतात. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ कॅलरी मिळतात, धान्य व डाळीच्या सत्त्वापासून ४. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे व लोणी यांचा भरणा असलेला शिधा दर ग्रॅमला साडेचार कॅलरी देत असेल तर रोज ९०० ग्रॅम पुरतात व बारा दिवसांचे ओझे ११ किलोग्रॅमच्या आत राहते. नुसते पोहे, भात व पिठे नेली आणि सरासरी साडेतीनवर आली, तर तेवढ्याच शक्तीसाठी तीन किलोग्रॅम अधिक वाहावे लागतात. नान्सेनच्या पेमिकनची गोष्ट मी उगीच सांगितली नाही. मातोश्रींनी एक मात्र ध्यानात घ्यावे. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. तेव्हा घरचे तूप येथेच राहू द्यावे, लोणी तेथील दुकानात मिळते. शेगडीचे वायूचे डबेही विमानात नेता येत नाहीत, तेही तेथेच घ्यावे.

चौथी गोष्ट वाट चुकण्याची व मदत मागण्याची. वाटेच्या बऱ्याच भागात दूरध्वनीची लहर पोहोचत नाही. उपग्रहाद्वारे संदेश देणारे यंत्र हल्ली मिळते, ते गटात एक तरी असावे. परंतु विजेरी संपते, यंत्र पाण्यात पडते, म्हणून कागदी नकाशा व होकायंत्र हाती असावे, आणि ते वापरण्याची सवय सह्याद्रीत धुक्यात करून घ्यावी. ओढा खोल वाटल्यास पाण्यात शिरू नये, रुंद व उथळ जागा शोधावी, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडावा, आणि तरीही मन साशंक असेल तर पाणी उतरण्याची वाट पाहावी. योजनेत ठेवलेले ते तीन दिवस यासाठीच आहेत.

आता वडीलधाऱ्यांना माझी विनंती. 'जाऊ नको' असे म्हणू नका. कारण तसे म्हटल्याने मुले जावयाची थांबत नाहीत, फक्त सांगावयाची थांबतात. त्याऐवजी त्यांच्याकडे एक कागद मागा. त्यावर रोजचा मुक्काम, शिध्याचे वजन, प्रत्येक टप्प्यातून बाहेर पडण्याची जवळची वाट, आणि कोणत्या तारखेस कोठे नसल्यास मागे फिरावयाचे, हे लिहिलेले असावे. ही मागे फिरण्याची तारीख घरी, कोरड्या जागी, पोटभर जेवून ठरवावी. थकलेल्या, भुकेल्या माणसाने वादळात ठरविण्याची ती गोष्ट नव्हे. त्यापूर्वी याच मंडळींनी आपल्या डोंगरांत तेच ओझे पाठीवर घेऊन, तोच तंबू ठोकून, तोच शिधा खाऊन आठ दिवस काढावेत. जो कागद लिहितो व आठ दिवस काढतो त्यास आशीर्वाद द्या. जो हे करीत नाही त्यास घरी ठेवण्यास मी स्वतः येईन.

आणि तरुणांनो, तुम्हांस एवढेच सांगतो. ज्या भूमीवरून तुम्ही चालाल ती सामी लोकांची रेनडिअर चारण्याची भूमी आहे. आपण तेथे पाहुणे आहो. कळप दिसल्यास थांबावे, त्यास वाट द्यावी, आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा. फ्रँकलिनच्या मंडळींनी तद्देशीयांकडून शिकण्याची तसदी फारशी घेतली नाही, रे आणि नान्सेन यांनी घेतली. परिणाम आपल्यासमोर आहेत.

शेवटी त्या वाटेवरील एक रीत सांगून मी आपली रजा घेतो. मध्ये काही तलाव आडवे येतात, कोठे एक तर कोठे तीन किलोमीटर रुंद. तेथे वल्ह्यांच्या तीन होड्या ठेवलेल्या असतात आणि नियम असा की, दोन्ही तीरांवर किमान एक होडी सदैव राहिलीच पाहिजे. आपण आलो तेव्हा आपल्या तीरावर एकच होडी असेल तर ती घेऊन पलीकडे जावे, तेथून दुसरी होडी मागे बांधून परत यावे, ती येथे ठेवावी आणि मग तिसऱ्यांदा पाणी ओलांडावे. पाहणारा कोणी नसतो, दंड करणारा कोणी नसतो. थकलेला मनुष्य, पावसात, केवळ मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी तीन वेळा वल्हवितो. आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहात राहून, शिष्यवृत्ती घेऊन जे पलीकडच्या तीरावर पोहोचले त्या आपणां सर्वांस या नियमाचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. आपली मुले ती वाट चालून येवोत, नीट तयारी करून जावोत, आणि प्रत्येक तलावावर एक होडी मागे ठेवून येवोत, एवढी इच्छा व्यक्त करतो.